अर्ध्या गाडीचं पूर्ण इंजिन

मलेशियात जोहोर बाहरू शहराच्या आसपास वापरलेल्या सुट्या भागांची यार्डं आहेत. तिथे अर्धी गाडी विकत मिळते. जपानमध्ये मोडीत निघालेली मोटार दारांपाशी आडवी कापतात आणि पुढचा तुकडा जसाच्या तसा कंटेनरमध्ये भरून पाठवतात. त्या तुकड्यात इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सेल्फ, अल्टरनेटर, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, पुढचे ब्रेक आणि वायरिंगचं सगळं जंजाळ असतं. बाजारात या मालाला ‘हाफ-कट’ म्हणतात. ज्याला आपल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन घालायचं आहे, त्याच्यासाठी हे रुखवतच: लागेल ते सगळं एका जागी मांडलेलं.

या यार्डांच्या दक्षिणेला जोहोरची सामुद्रधुनी आहे. तिच्यावर १९२० च्या दशकात बांधलेला, सुमारे एक किलोमीटर लांबीचा कॉजवे आहे आणि पलीकडे सिंगापूर. अलीकडच्या तीरावर एखादा मिस्त्री प्रोटॉन विरा या मलेशियन गाडीत मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचं दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवून मोकळा होतो. पलीकडच्या तीरावर तोच उद्योग करायचा म्हटला तर पाना उचलायच्या आधी वहीपेन घ्यावं लागतं, आणि बहुतेकांचा बेत त्या वहीतच संपतो. दोन्हीकडे पाऊस तोच, उकाडा तोच, गाड्या जपानी आणि स्टिअरिंग उजवीकडे. मिस्त्रीही पुष्कळदा त्याच कुळातले, कारण सिंगापुरातल्या गॅरेजांत मलेशियातून रोज ये-जा करणारे कारागीर बरेच आहेत.

जुन्या गाडीत परकं इंजिन बसवण्याचा विषय निघाला की लोक हॉर्सपॉवर आणि वेल्डिंगच्या गप्पा मारतात. माझ्या मते आधी करांचं कोष्टक उघडावं. कुठलं इंजिन कुठल्या गाडीत जाणार हे पुष्कळदा एखाद्या सरकारने ठरवलेलं असतं, आणि आपण ते ठरवलंय याची त्या सरकारला कल्पनाही नसते.

गाडीपेक्षा कागद महाग

सिंगापूरपासूनच सुरुवात करू. इथे गाडी घ्यायची तर आधी गाडी ठेवण्याचा हक्क घ्यावा लागतो. मे १९९० पासून सरकार ठरावीक संख्येने असे हक्क लिलावात काढतं. त्याचं नाव सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट, बोलताना सीओई. मुदत दहा वर्षं. नोव्हेंबर २००८ मध्ये, जगभर मंदीची हवा असताना, लहान गाड्यांच्या गटातली सीओई अवघ्या २ डॉलरला गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच कागद १,०६,००० सिंगापूर डॉलरवर पोचला. तेव्हाच्या दराने साठ लाख रुपयांहून अधिक. मोठ्या गाड्यांच्या गटात आकडा १,५०,००१ होता. शेवटचा तो १ लिलावाचा आहे, छपाईची चूक नव्हे. यात गाडीचा एक स्क्रूसुद्धा येत नाही. गाडी वेगळी, तिच्या आयात किमतीच्या शंभर टक्क्यांपासून पुढे चढत जाणारं नोंदणी शुल्क वेगळं.

दहा वर्षं भरण्याआधी गाडी नोंदणीतून काढली तर त्या शुल्काचा ठरलेला हिस्सा परत मिळतो. दहा वर्षं उलटू दिली आणि सीओईचं नूतनीकरण केलं, तर तो परतावा बुडतो. शिवाय गेल्या तीन महिन्यांच्या लिलावांच्या सरासरीने नवा हक्क घ्यावा लागतो: पाच वर्षांचा किंवा दहा वर्षांचा, आणि पाच वर्षांचा घेतला तर पुढे पुन्हा वाढवता येत नाही. परिणाम असा की नऊ वर्षं नि काही महिने झालेली, इंजिन ठणठणीत, आतल्या सीटवर डागही न पडलेली गाडी मालक हसत हसत सोडून देतो. ती एक तर परदेशी जाते, नाहीतर सुंगेई कादुतसारख्या औद्योगिक भागातल्या मोडीच्या यार्डात जाते. आपल्याकडे ज्या गाडीचं ‘इंजिनाचं काम’ अजून एकदाही निघालेलं नसतं, ती तिथे म्हातारी ठरते.

सिंगापुरातल्या मराठी घरांत गाडीचा विषय निघाला की ॲव्हरेज किती देते हे कोणी विचारत नाही. सीओई किती उरली आहे, हे विचारतात. वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत किमतीच्या बरोबरीने वर्षाला किती हजार डॉलर घसारा पडेल हा आकडा ठळक छापतात. गाडी ही वस्तू म्हणून विकलीच जात नाही, उरलेले महिने विकले जातात. अशा ठिकाणी जुन्या गाडीला नवं हृदय बसवण्याची ऊर्मी टिकायची कशी?

तरी काही जण टिकवतात. १९९० च्या दशकातल्या होंडा सिव्हिक किंवा मित्सुबिशी लान्सर, दोन-दोनदा सीओई नूतन केलेल्या, काकी बुकित, सिन मिंग नाहीतर उबीच्या बहुमजली गॅरेजांच्या रांगांत आजही दिसतात. त्यांचे मालक हिशेब पाहून गाडी ठेवत नाहीत, हे उघड आहे. त्यांच्यातल्या कोणाला मोठं इंजिन बसवायचं झालं तर वहीत काय मांडावं लागतं ते पाहू.

पेट्रोल गाडीचा रस्ता कर सिंगापुरात सीसीवर चालतो. १,६०० सीसीला वर्षाला साधारण ७४२ डॉलर, २,००० सीसीला साधारण १,२१२. गाडी दहा वर्षांपुढे गेली की त्यावर अधिभार सुरू होतो. दहा टक्क्यांपासून चढत चौदा वर्षांपुढे तो पन्नास टक्के होतो. म्हणजे जुन्या गाडीला १,६०० सीसीवर सुमारे १,११३ आणि २,००० सीसीवर सुमारे १,८१८. चारशे सीसीची हौस वर्षाला सातशे डॉलर मागते, दहा वर्षांची सीओई घेतली असेल तर सात हजार. मलेशियात हाफ-कट कितीही स्वस्त मिळो, हा आकडा तिथे घासाघीस करून कमी होत नाही.

पण करही परवडला असं धरू. खरी भिंत पुढे आहे. लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीच्या नोंदवहीत गाडीच्या चासी क्रमांकाबरोबर इंजिनाचा क्रमांकही असतो. इंजिन बदलायचं तर आधी मंजुरी, नंतर तपासणी. दहा वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी तपासणी केंद्रात जावंच लागतं आणि तिथे धूर, आवाज, ब्रेक सगळं बघतात. नवं इंजिन उत्सर्जनाच्या निकषांत बसतं हे दाखवायची जबाबदारी मालकाची. इथेच घरगुती प्रयोगाचा श्वास कोंडतो. उत्सर्जनाची प्रमाणपत्रं कारखान्याने पूर्ण गाडीसाठी, म्हणजे इंजिन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गिअरचं गुणोत्तर आणि वजन यांच्या एका विशिष्ट जुळणीसाठी, घेतलेली असतात. ते इंजिन दुसऱ्या गाडीत गेलं की कागद अनाथ होतो. एका गाडीसाठी ती चाचणी नव्याने करून घेणं कोणत्याही अर्थाने ‘बजेट’मध्ये बसत नाही.

म्हणून सिंगापुरात इंजिन बदललं जातं ते बहुधा त्याच जातीचं: जुनं जळालं, त्याच कोडचं वापरलेलं आणलं, क्रमांक नोंदवून घेतला, संपलं. याला कोणी छंद म्हणत नाही.

सिंगापूर पहिल्यापासून असं नव्हतं. १९६१ ते १९७३ या काळात अप्पर थॉमसन रोडच्या सार्वजनिक रस्त्यावर ग्रां प्री शर्यत होत असे. आज त्या बाजूने बस जाते तिथे ‘डेव्हिल्स बेंड’ नावाचं कुप्रसिद्ध वळण होतं. १९७० मध्ये न्यूझीलंडच्या ग्रेम लॉरेन्सने तिथे फेरारी २४६टी पळवून शर्यत जिंकली. शर्यती १९७३ नंतर बंद झाल्या, आणि जून १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी शिरायला पैसे घेणारी परवाना पद्धत सुरू झाली. दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी मला एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात, इतिहासकार काहीही म्हणोत.

इंजिन ‘डाउन’ केल्यावर

कागद बाजूला ठेवून गॅरेजात जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

बाहेरून हे काम सोपं दिसतं: जुनं इंजिन चेन ब्लॉकला टांगून ‘डाउन’ करायचं, नवं उचलून त्या जागी उतरवायचं. पहिली अडचण जागेची. बॉनेट लागतं की नाही हे सगळे बघतात. अनुभवी माणूस खाली वाकून ऑइलचं चेंबर बघतो. गाडीला आडवा जाणारा क्रॉस मेंबर आणि स्टिअरिंगचा रॅक नेमका कुठून जातो, आणि नव्या इंजिनाचं चेंबर पुढून खोल आहे की मागून, यावर सगळं अवलंबून असतं. चेंबर कापून पुन्हा वेल्ड करता येतं, पण त्यात तेल खेचणारी नळी वळणावर कोरडी पडली तर बेअरिंगं काही क्षणांत जातात. लेथवाल्याचं बिल वाचवून इंजिन घालवल्याची उदाहरणं या व्यवसायात थोडी नाहीत.

दुसरी अडचण बेल हाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना मिळतात त्या घंटेच्या आकाराच्या भागाची. दोन कंपन्यांच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये जाड ॲल्युमिनियमची प्लेट कापून घालावी लागते. ही प्लेट दिसायला अगदी गावठी असते, पण तिच्यात क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जुळावा लागतो. नाही जुळला तर गाडी सुरू होते, चालते, मालक पेढे वाटतो आणि काही महिन्यांत क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो. क्लचही मिश्र जातीचा होतो: फ्लायव्हील इंजिनाचं, प्लेटच्या मधले दाते गिअरबॉक्सचे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ॲक्सलचंही तसंच, आतलं टोक नव्या गिअरबॉक्सला बसणारं आणि बाहेरचं जुन्या चाकाला.

हाफ-कटचं मोल इथे कळतं. नुसतं इंजिन आणलं की गिअरबॉक्स शोधा, मग त्याचं माउंटिंग, मग गिअरच्या केबल. अर्धी गाडी आणली की ही साखळी बरीचशी आतच जुळलेली येते. शिवाय जपान, मलेशिया, सिंगापूर या तिन्ही ठिकाणी वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे स्टिअरिंग आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडरही कामाला येतो. अमेरिकेतल्या शौकिनांना जपानी अर्ध्या गाडीचा हा अर्धा फायदा मिळत नाही.

तिसरी गोष्ट वीज. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी दिली की ते कोणाच्याही गाडीत बोलायचं. १९९० नंतरचं इंजिन त्याच्या ईसीयूशिवाय, म्हणजे त्याला चालवणाऱ्या संगणकाशिवाय, मुकं असतं, आणि पुढच्या काळातला ईसीयू तर स्वतःची किल्ली ओळखल्याशिवाय ठिणगीच सोडत नाही. म्हणून जाणकार खरेदीदार हाफ-कटमध्ये आधी किल्ली आणि किल्लीचा बॅरल आहे का ते विचारतो, मग कॉम्प्रेशन. वायरिंगचा हार्नेस कापलेला असेल तर माल अर्ध्या किमतीतही महाग. त्यात इंधनाचा दाब आला: कार्ब्युरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी दाब पुरतो, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागतो. म्हणजे टाकीतला पंप, नळ्या आणि उरलेलं पेट्रोल परत नेणारी लाइन, सगळं नवं.

आणि मग ती यादी, जी कोणी आधी करत नाही. रेडिएटर, कारण जाळलेल्या इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर जातो. इंजिन दुप्पट ताकदीचं झालं तर जुना रेडिएटर जोहोरच्या दुपारी हात टेकतो. सायलेन्सर. होज पाइप, ज्यांचं एक टोक एका मापाचं आणि दुसरं भलत्याच. ब्रेक, ज्यांच्याबद्दल या छंदात सर्वांत कमी बोललं जातं आणि ज्यांच्यावर सर्वांत आधी खर्च व्हायला हवा. कमी पैशांत इंजिन बदलल्याच्या कथा ऐकताना माझा एकच प्रश्न असतो: हिशेबात ब्रेक धरलेत का? उत्तर देताना माणूस बहुधा टायरकडे बघतो.

६६० सीसीचा नियम आणि कांचिल

आता पुन्हा करांकडे, कारण त्या यार्डात ते इंजिन आलं कुठून हे अजून सांगितलं नाही.

जपानमध्ये नव्या गाडीची सक्तीची तपासणी, शाकेन, तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी असते. तिच्याबरोबर वजनावरचा कर भरावा लागतो आणि गाडी तेरा वर्षांची झाली की तो वाढतो. मालक कंटाळतो, गाडी सोडतो. इंजिन मात्र अजून निम्मं आयुष्य बाकी ठेवून असतं. तेच दक्षिणेला येतं.

त्या देशाचा आणखी एक नियम आहे. केई नावाच्या छोट्या गाड्यांना करात आणि पार्किंगच्या अटींत सवलत असते. अट अशी की इंजिन ६६० सीसीपेक्षा मोठं नको. १९९० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ५५० होती. सीसी वाढवता येत नाही म्हटल्यावर जपानी अभियंत्यांनी त्या तळहाताएवढ्या इंजिनांवर टर्बो चढवले, आणि कंपन्यांनी आपसांत ठरवून ६४ अश्वशक्तीवर हात आखडता घेतला. डायहात्सूने तर ६६० सीसीत चार सिलिंडर आणि वर दोन कॅमशाफ्ट बसवले. त्याचा कोड जेबी-जेएल.

इकडे मलेशियात १९९४ मध्ये पेरोडुआने कांचिल आणली. ती मुळात डायहात्सू मिराच होती, वजन सातशे किलोच्या आत-बाहेर. मिराचं टर्बो इंजिन कांचिलमध्ये जातं यात आश्चर्य नाही. भाऊ भावाच्या घरी राहायला आला. पण परिणाम बघण्यासारखा. ज्या गाडीतून मलेशियातल्या कितीतरी शिक्षिका शाळेत गेल्या, ती गाडी सिग्नलवरून अशी सुटू लागली की शेजारच्या मोठ्या गाडीतला माणूस चमकावा. जपानी करखात्याने आखलेली ६६० ची रेघ क्वालालंपूरच्या रस्त्यावर अशी उमटली.

प्रोटॉनची गोष्टही याच वळणाची. मलेशियाने स्वतःची मोटार हवी म्हणून मित्सुबिशीच्या साहाय्याने १९८५ मध्ये प्रोटॉन सागा काढली आणि परदेशी गाड्यांवर भरभक्कम कर लावला. त्यामुळे मध्यमवर्गाच्या दारात प्रोटॉन आली, १९९३ नंतर विरा आली, आणि विरा म्हणजे मित्सुबिशी लान्सरचाच सांगाडा. खरी लान्सर इव्होल्यूशन करामुळे आवाक्याबाहेर. तिचं ४जी६३ टर्बो इंजिन हाफ-कटच्या रूपाने आवाक्यात. स्वदेशी उद्योगाला कुंपण घातलं आणि त्या कुंपणातच इंजिन बदलण्याचा कुटिरोद्योग उगवला. मलेशियातही वाहतूक खात्याची परवानगी लागतेच, पुस्पकोमची तपासणी असते, आणि ‘गेरान’ म्हणजे नोंदणीच्या कागदावर इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो. सगळे घेतात असं मात्र कोणीही तिथला माणूस छातीठोकपणे सांगणार नाही.

हे आशियाचंच खूळ आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीचा कर अश्वशक्तीवर होता, पण अश्वशक्ती मोजायचं सूत्र फक्त सिलिंडरचा व्यास बघायचं, पिस्टन किती लांब धावतो ते नाही. झालं, दोन-तीन दशकं ब्रिटिश इंजिनं अरुंद आणि उंच बनत राहिली. याउलट अमेरिकेत ब्युइकने १९६१ मध्ये ३.५ लिटरचं संपूर्ण ॲल्युमिनियमचं व्ही-८ काढलं. ओतकाम महाग पडतं म्हणून तीन वर्षांत बंदही केलं. रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. आठ सिलिंडरांचं असूनही ते वजनाला एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीच्या बिडाच्या चार सिलिंडरी इंजिनाइतकंच भरायचं. ते एमजीबीत बसवण्याचा उद्योग केन कोस्टेलो नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपल्या छोट्या गॅरेजात सुरू केला, आणि १९७३ मध्ये खुद्द एमजीबीच्या कंपनीने तशी गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी तेलाचा भडका उडाला. अडीच-पावणेतीन हजार गाड्यांनंतर खेळ आटोपला.

आपल्याकडे डिझेल

महाराष्ट्रात या छंदाला छंद म्हणायची चैन फार थोड्यांना होती. इथे इंजिन बदललं गेलं ते पेट्रोल परवडेना म्हणून.

विलीजच्या परवान्यावर बनलेल्या महिंद्राच्या जीपमध्ये २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असायचं. ते भरवशाचं, पण पेट्रोल पिणारं. पेट्रोल आणि डिझेल यांच्या सरकारी दरांत जोवर मोठी दरी होती, तोवर सातारा-सांगली-कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत ऊस, द्राक्षं, दूध आणि लग्नाची वऱ्हाडं वाहणाऱ्या जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल चढवणं हा सरळ व्यवहार होता. पर्किन्स बसवलं जायचं, प्यूजोच्या तंत्रावरचं महिंद्राचं २.१ लिटरचं बसवलं जायचं. आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्याखाली ट्रॅक्ससाठी जे २.४ लिटरचं ओएम-६१६ बनवत असे, त्याला तर जीपवाल्यांत वेगळाच मान. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात ‘ट्रॅक्सचं इंजिन आलंय’ ही बातमी असायची.

कंपन्याही यात मागे नव्हत्या. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा काढली तेव्हा त्या लांबरुंद देहात अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन घातलं होतं. घाटात काय होत असेल ते ज्यांनी चालवली त्यांना विचारा. मग इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं, आधी कॉन्टेसात आणि नंतर अँबॅसिडरमध्येही. म्हातारी अँबॅसिडर एकाएकी पळायला लागली. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीलाही पुढे इटालियन डिझेल इंजिन लाभलं, पण पद्मिनीची काळीपिवळी कीर्ती झाली ती पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर. मुंबईच्या नोंदवहीतली तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

हे सगळं थंडावलं ते वाहतूक पोलिसांमुळे नव्हे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, दोन्हींतली दरी बुजत गेली आणि डिझेल बसवण्याचा खर्च वसूल होईना. कायदा नंतर ठामपणे बोलला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात ती मनाई उचलून धरली. त्यामुळे आज पुण्यात जुन्या एस्टीममध्ये कोणी होंडाचं इंजिन घातलं तर आरसी बुकात त्याला जागा नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो इंजिन क्रमांकाचाच काढतो. त्याच जातीचं इंजिन बदली घालणं आणि आरटीओकडून क्रमांक नोंदवून घेणं ही वाट उघडी आहे. जुनं इंजिन घेताना विकणाऱ्याची पावती आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागावा; चोरीच्या गाडीचं इंजिन स्वस्तच असतं. हे सांगायला नको, पण कुर्ल्यात भाव ऐकल्यावर माणूस विसरतो.

कलम ५२ मध्ये एक वाट मात्र मुद्दाम ठेवलेली आहे: इंधन बदलण्यासाठी, मान्यताप्राप्त किट वापरून. सीएनजी त्याच वाटेने आला आणि आता वीजही येते आहे. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टसारख्या कंपनीने जुन्या मोटारींसाठी विजेची किट तयार केली आहेत. जुन्या गाडीत विजेची मोटर बसवणं म्हणजे या लेखातलं सर्वांत परकं इंजिन, पण यांत्रिक कटकट सर्वांत कमी: चेंबर नाही, सायलेन्सर नाही, पेट्रोलची लाइन नाही. बेल हाउसिंगची प्लेट मात्र इथेही लागते, आणि मध्य जुळवायची कसरत तीच. खर्च बॅटरीचा. म्हणून युरोप-अमेरिकेतले हौशी लोक अपघातात गेलेल्या निसान लीफ शोधत असतात. २०१० च्या शेवटी आलेल्या पहिल्या लीफची मोटर ८० किलोवॉटची, बॅटरी २४ किलोवॉट-तासांची. एखाद्या जुन्या फियाटला ती नको इतकी झाली.

सिंगापूर सरकारने आपली कोष्टकं बदलायला घेतलीच आहेत. लहान गाड्यांच्या सीओई गटाला पूर्वी नुसती १,६०० सीसीची मर्यादा होती. युरोपी कंपन्या छोटं टर्बो इंजिन लावून महागड्या गाड्या त्या गटात घुसवू लागल्या, तेव्हा २०१४ मध्ये ९७ किलोवॉटची दुसरी अट आली; मग काही कंपन्यांनी खास सिंगापूरसाठी इंजिनाची ताकद उतरवून गाड्या पाठवल्या. मे २०२२ पासून ११० किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या गाड्या त्या गटात बसतात, आणि त्यांचा रस्ता कर सीसीवर नव्हे तर किलोवॉटवर आकारतात. पेट्रोलवरचा कर बुडतो त्याची भरपाई म्हणून वर एक ठोक रक्कमही घेतात. हे तेच सरकार आहे, ज्याने १९८९ मध्ये कॉजवे ओलांडणाऱ्या प्रत्येक सिंगापुरी गाडीची टाकी आधी निम्मी आणि १९९१ पासून पाऊण भरलेली असलीच पाहिजे असा नियम केला, कारण लोक रिकामी टाकी घेऊन जोहोरला स्वस्त पेट्रोल भरायला जात होते. तो नियम अजून लागू आहे. विजेच्या गाडीला टाकीच नाही.